प्रथमोपचार : पहिला हात शेजाऱ्याचा

(विहाराच्या वर्धापनदिनी उपासक-उपासिकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला ‘धम्म आणि आरोग्य’ असा विषय दिला. विषय मोठा आहे, डॉक्टरांनी बोलावे असा. आम्ही जिनिंग मिलमधील कामगार. जे काही शिकलो ते वाचून आणि शिबिरांत बसून शिकलो. म्हणून मोठ्या दुखण्यांवर आम्ही बोलणार नाही. चटका बसला, बोट कापले, लेकराला जुलाब लागले, ताप भरला, पाय मुरगळला, अशा घराघरात रोज होणाऱ्या गोष्टींवर बोलणार आहोत. दवाखाना लागेल की नाही हे ठरायच्या आधी जी दहा-पंधरा मिनिटे असतात, ती कोणाच्या हातात असतात? डॉक्टरच्या नाही. ती आपल्या हातात असतात, नाहीतर शेजारणीच्या हातात असतात. आणि त्याच दहा मिनिटांत आपण कधी भले करतो, कधी घाण करून ठेवतो.

पण त्याआधी एक गोष्ट सांगणे भाग आहे. परमपूज्य बाबासाहेबांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ नावाचे छोटे आत्मकथनपर लेखन आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली पुस्तिकेच्या रूपात छापले. त्यात काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत आहे. ती हकीकत १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त पत्ररूपाने आली होती. शिक्षकाची बायको बाळंतीण झाली आणि दोन दिवसांत आजारी पडली. डॉक्टर म्हणाला, मी तुमच्या वस्तीत येणार नाही, बाईला बाहेर आणा. फी दोन रुपये ठरली. बाळंतिणीला वस्तीबाहेर आणले. डॉक्टरने तिला हात लावला नाही. थर्मामीटर त्याने एका मुसलमान माणसाच्या हातात दिले, त्याने नवऱ्याच्या हातात दिले, नवऱ्याने बायकोला लावले आणि त्याच वाटेने ते परत गेले. दिव्याच्या उजेडात पारा बघून डॉक्टरने न्यूमोनिया म्हणून सांगितले आणि औषध पाठवून दिले. पुन्हा बघायला आला नाही. ती बाई गेली.

ही गोष्ट ऐकली की लोक म्हणतात, काय तो काळ होता! बरोबर आहे. पण आम्हाला त्यातले थर्मामीटर विसरता येत नाही. तीन हातांतून फिरलेले ते थर्मामीटर. आज किती घरांत आपल्या हक्काचे थर्मामीटर आहे? मोबाइल प्रत्येक घरात दोन-दोन आहेत. शंभर-दोनशे रुपयांचे थर्मामीटर किती घरांत आहे, ते आपले आपण मोजा. ज्या माणसाला शिवायचे नाही असे ठरले होते, त्याच माणसाच्या जखमेला हात लावून ती धुणे म्हणजे प्रथमोपचार. आपल्यासाठी हे नुसते आरोग्याचे काम नाही, एवढेच आम्हाला म्हणायचे आहे.

तथागतांच्या काळातली एक हकीकत विनयपिटकात आहे. एका भिक्खूला हगवण लागली होती, तो आपल्याच घाणीत पडून होता. बाकीचे भिक्खू त्याच्याकडे बघत नव्हते. का, तर हा कधी कोणाच्या उपयोगी पडला नाही. भगवंत आनंदाला घेऊन विहाराची पाहणी करीत होते, त्यांना तो दिसला. त्यांनी उपदेश केला नाही, आधी आनंदाला पाणी आणायला सांगितले. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले. मग भगवंतांनी डोक्याकडून आणि आनंदाने पायांकडून धरून त्याला बिछान्यावर ठेवले. संघाला बोलावून समज दिली ती त्यानंतर. तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांचे केले नाही तर कोण करणार, असा त्या बोलण्याचा आशय होता. चांगला शुश्रूषा करणारा कसा असावा हेही तिथे सांगितले आहे. त्याला औषध तयार करता यावे, काय चालते आणि काय चालत नाही हे कळावे, मोबदल्यासाठी नव्हे तर मैत्रीने करावे, मलमूत्र-वांती काढायची किळस नसावी, आणि आजाऱ्याला धीराचे दोन शब्द सांगता यावेत. यातले दुसरे लक्षण, ‘काय चालत नाही हे कळणे’, आज आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. कारण आपल्याकडे करू नये तेच जास्त केले जाते.

आता भाजण्याचे बघू. आपला हिंगोली जिल्हा हळदीचा. वसमतची हळद सगळीकडे जाते. हळद निघाली की शिजवण, वाळवण, ढोलात पॉलिश, असा दोन-तीन महिने धंदा चालतो. पूर्वी मोठ्या कढईत शिजवायचे, आता वाफेचे कुकर आले. कढई असो की कुकर, भट्टीजवळ काम करायला कोण असते? बहुतेक भूमिहीन मजूर, आपली बायामाणसे. उकळते पाणी पायावर सांडते, झाकण उघडताना वाफ हातावर येते. आणि मग काय लावतात? टूथपेस्ट, शाई, तेल, कच्चा बटाटा, चिखलसुद्धा. कोणी बर्फ चोळतो. यातले काहीही करायचे नाही. फक्त पाणी. साधे, गार, वाहते पाणी, वीस मिनिटे. नळ नसेल तर तांब्याने ओतत राहा. पाच मिनिटांत बरे वाटते म्हणून थांबू नका. कातडीच्या आत धग राहिलेली असते, वरून कळत नाही. बांगड्या, जोडवी, अंगठी, घड्याळ लगेच काढा, नंतर सूज आली की निघत नाही. कपडा कातडीला चिकटला असेल तर ओढायचा नाही. फोड फोडायचे नाहीत. मग धुतलेला स्वच्छ सुती फडका सैल झाकायचा. भाजलेली जागा त्या माणसाच्या स्वतःच्या तळहातापेक्षा मोठी असेल, किंवा तोंड, हाताचे पंजे, सांधा, गुप्तांग यांपैकी काही भाजले असेल, किंवा लहान लेकरू किंवा म्हातारे माणूस असेल, तर पाणी ओतून झाल्यावर दवाखाना गाठायचा. पण आधी पाणी. गाडी शोधण्यात वीस मिनिटे जातात, त्याच वीस मिनिटांत पाणी ओतून होते.

हळदीच्या गावात बोलतो आहोत म्हणून हळदीबद्दलही सांगतो, रागावू नका. जखम झाली की मूठभर हळद भरायची ही आपली सवय. हळदीत गुण नाही असे आम्ही म्हणत नाही. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले होते. आपल्या देशाच्या सीएसआयआर या संस्थेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा तिचे महासंचालक होते, जुने ग्रंथ आणि पुरावे पुढे ठेवून दाखवले की हे आमच्याकडे शेकडो वर्षांपासून माहीत आहे. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. अभिमानाची गोष्ट आहे. पण त्यावरून सिद्ध काय झाले? हे ज्ञान जुने आहे, नवा शोध नाही, एवढे सिद्ध झाले. डब्यातली, चमचा-चमचा हात लागलेली, काय मिसळले आहे ते माहीत नसलेली पूड उघड्या जखमेत भरावी असे कोणी सिद्ध केले नाही. पूड भरली की घाण आत राहते आणि डॉक्टरला जखम दिसतच नाही. तीच गत तंबाखूची, चुन्याची, कुंकवाची, जाळलेल्या चिंधीची. माती तर अजिबात नको, धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात.

जखमेचे साधे आहे. आपले हात साबणाने धुवा. जखमेवर स्वच्छ पाणी भरपूर ओता, खडा-माती निघू द्या. रक्त येत असेल तर धुतलेल्या फडक्याने दाबून धरा, दहा मिनिटे, मध्ये मध्ये उघडून न बघता. हात किंवा पाय वर उचलून ठेवा. इतक्याने बहुतेक रक्त थांबते. नाही थांबले, जखम खोल आहे, तोंड उघडे राहिले आहे, गंजके लोखंड किंवा काच आत गेली आहे, तर दवाखान्यात टाके आणि धनुर्वाताचे इंजेक्शन. आणि एक. आमचा जन्म कापसात गेला, तरी सांगतो, उघड्या जखमेवर कापूस लावू नका. त्याचे तंतू रक्तात चिकटतात, काढताना जीव जातो आणि जखम पुन्हा वाहते. कापडाची घडी चांगली. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांच्या पायाची बारीकशी जखमही किरकोळ समजू नका. बाबासाहेबांनाही मधुमेह होता हे आपल्याला माहीत आहे. अशा माणसाने रोज रात्री आपले तळवे स्वतः बघावेत, किंवा सुनेला-नातवाला बघायला सांगावेत.

आता पेटीचे. १९४८ चा कारखाना कायदा झाला, त्यात ४५ वे कलम होते. दर दीडशे कामगारांमागे निदान एक प्रथमोपचार पेटी हवी, ती सहज हाताशी येईल अशी हवी, कामाच्या सगळ्या वेळात हजर असणाऱ्या, प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या ताब्यात हवी, आणि ठरवून दिलेल्या वस्तूंशिवाय तिच्यात दुसरे काही ठेवायचे नाही, असे लिहिले होते. हे कोणी मेहरबानी म्हणून दिले नाही. कामगार लढले, आणि १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरखाते सांभाळताना बाबासाहेबांनी कामगारांच्या बाजूने जो पाया घातला, तो सगळा त्यामागे आहे. २०२० साली संसदेने नव्या श्रमसंहिता मंजूर केल्या. कायद्याचे नाव बदलो, पेटीची गरज बदलत नाही. पण कागदावरची पेटी आणि भिंतीवरची पेटी यांत फरक असतो. आम्ही काम केलेल्या एका मिलमध्ये, नाव घेत नाही, पेटीला कुलूप होते आणि चावी मुनीमजीकडे. जिनच्या पट्ट्यात एका पोराचा हात खरचटून सोलला, तेव्हा मुनीमजी जेवायला गेले होते. ते आल्यावर पेटी उघडली तर आत बिड्यांचे बंडल, जुन्या पावत्या आणि वाळून दगड झालेली मलमाची नळी. युनियनच्या पुढच्या बैठकीत आम्ही मजुरीच्या आधी पेटीचा विषय घेतला. काही जण हसले. पण महिन्याभरात नवी पेटी आली आणि कुलूप गेले.

फवारणीचे विसरून चालणार नाही. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. आपल्याकडेही कापूस-सोयाबीन आहे आणि पाठीवर पंप घेणारा बहुतेक मजूरच असतो. औषध डोळ्यात उडाले तर पंधरा-वीस मिनिटे पाण्याने धुवायचे, डोके तिरके करून, म्हणजे पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. अंगावर सांडले तर कपडे तिथेच काढा, लाज धरू नका, साबणाने अंग धुवा. डोके गरगरणे, घाम, मळमळ, अंधुक दिसणे, तोंडाला पाणी सुटणे यांतले काही झाले तर ते किरकोळ नाही. उलटी करवू नका, मिठाचे पाणी पाजू नका. १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली सोबत न्या, म्हणजे डॉक्टरला विष कोणते ते कळते. ही १०८ ची गाडी महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, तिला पैसे लागत नाहीत. कोणी मागितले तर देऊ नका.

आता आयांसाठी, जुलाबाचे. जुलाब लागले की लेकराचे पाणी तोडायचे, ‘पोटात काही टिकत नाही, कशाला देता’ असे म्हणायचे, हे आजही चालते. लेकरू जुलाबाने जात नाही, अंगातले पाणी गेल्याने जाते. १९७१ साली बांगलादेशातून लाखो निर्वासित आले, बनगावच्या छावणीत पटकीची साथ लागली. सलाइन संपले. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी साखर-मीठ घातलेले पाणी पिंपांत भरून ठेवले आणि नातेवाइकांच्या हाताने आजाऱ्यांना पाजले. छावणीत तीस टक्क्यांपर्यंत गेलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. कोणाच्या हाताने? डॉक्टर-नर्सच्या नाही, आईबापाच्या हाताने. ओआरएसची पाकिटे आशाताईकडे आणि आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त झाले तर नुकसान होते, म्हणून अंदाजपंचे नको, चमचा सपाट करून घ्या. घोट घोट द्या. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याने सुरू करा. अंगावर पिणाऱ्याचे अंगावर पाजणे बंद करू नका. झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्यायच्या असतात, जुलाब थांबले म्हणून मध्येच सोडू नका. लेकरू मरगळले, डोळे खोल गेले, लघवी होत नाही, शौचात रक्त आहे, तर लगेच दवाखाना.

तापाला थर्मामीटर. हात लावून ‘अंग गरम आहे’ म्हणणे हा अंदाज झाला. १००.४ च्या वर पारा गेला तर ताप. गोधड्या गुंडाळू नका, पातळ कपडा घाला, पाणी पाजा, पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे द्या, आणि ते किती हे आशाताईला किंवा आरोग्यसेविकेला विचारून कागदावर लिहून ठेवा. मोठ्याची गोळी मोडून अंदाजे लेकराला नको. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल तर घरी थांबायचेच नाही. तीन दिवसांत ताप उतरला नाही तर रक्त तपासून घ्या.

नाकाचा घोळणा उन्हाळ्यात फुटतो. डोके मागे टाकून कांदा हुंगवतात, रक्त घशात जाते. डोके किंचित पुढे, नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा मिनिटे, बस. पाय मुरगळला तर तेल लावून ओढणाऱ्याकडे नेऊ नका. गार पाण्याची पट्टी, उशीवर पाय, दोन दिवस आराम. पाय टेकताच येत नसेल तर एक्स-रे. १० जुलै २०२४ च्या सकाळी आपल्याकडे भूकंपाचा धक्का बसला तेव्हा सगळे घराबाहेर पळाले. अशा धावपळीत पाय मुरगळायचेच, म्हणून सांगितले.

फिट आल्यावर चप्पल हुंगवणे हा प्रकार आम्हाला सर्वांत जास्त खटकतो. आजारी माणसाच्या नाकाला चप्पल लावायची आणि वर म्हणायचे की उपाय केला! त्याचे दात उचकटू नका, तोंडात चमचा-पाणी घालू नका, हातपाय दाबून धरू नका. आजूबाजूचे दगड-भांडी बाजूला सारा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, थांबल्यावर कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या पुढे चालली, पुन्हा पुन्हा आली किंवा आयुष्यात पहिल्यांदाच आली तर दवाखाना.

विंचू आणि कुत्रे यांना किरकोळ म्हणता येणार नाही, पण सुरुवात घरातच होते म्हणून सांगतो. कुत्रे चावले की वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा, मिरची-चुना काही नको, आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. ही लस सरकारी दवाखान्यात मिळते. पिसाळी झाल्यावर जगात त्याला इलाज नाही. लाल विंचू लेकराला चावला आणि घाम फुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले तर एक मिनिट दवडू नका. पूर्वी अशी लेकरे हातची जायची. आपल्याच मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणात महाडला नोकरीला गेले आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध विंचूदंशावर लागू पडते हे त्यांनी दाखवून दिले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या महाडच्या तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले, तेच महाड. औषध आहे, दवाखाना आहे, आणि तरी विंचू उतरवायला मांत्रिकाकडे कोणी निघाले तर त्याला सांगा, २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने, साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्र घालणे हा गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी या कायद्यासाठी अनेक वर्षे झगडून शेवटी जीव दिला. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातून कोणी तिकडे जाऊ नये, पण जातात हे आपण जाणतो.

आता समितीपुढे आमचे म्हणणे. विहारात पंचशील ध्वजाच्या कपाटाशेजारी एक पेटी ठेवायची. तिच्यात साबण, पट्ट्या, धुतलेल्या फडक्यांच्या घड्या, कात्री, ओआरएस, पॅरासिटामॉल, दोन थर्मामीटर, दाब देऊन बांधायची लवचीक पट्टी, बॅटरी, आणि १०८ चा व जिल्हा रुग्णालयाचा नंबर मोठ्या अक्षरांत. प्रतिजैविकाच्या गोळ्या आणि इंजेक्शन पेटीत नको, ते काम डॉक्टरचे. प्रत्येक गल्लीतून एक मुलगी आणि एक मुलगा शिकायला हवा. मुलगी हवीच, कारण दुपारी पुरुष कामावर असतात आणि बायका आपले दुखणे पुरुषाला दाखवत नाहीत. महिन्यातून एकदा औषधांच्या तारखा बघायच्या, काय वापरले ते वहीत लिहायचे, कोणासाठी वापरले ते नाव लिहायचे नाही. शेजारच्या गल्लीतला, दुसऱ्या समाजाचा कोणी आला तरी त्याला तितक्याच मायेने पेटी द्यायची. कुलूप लावायचे नाही. लेकरे पट्ट्यांशी खेळतील अशी शंका मघाशी एका ताईंनी काढली. पेटी उंचावर ठेवू, तरी खेळली तर नव्या आणू, चार-दोन पट्ट्यांनी विहार गरीब होत नाही.

पहिला सराव पुढच्या रविवारी, वंदना झाल्यावर. येताना प्रत्येकाने घरून धुतलेला एक जुना सुती पंचा किंवा लुगड्याचा तुकडा आणावा, आणि घरात थर्मामीटर असेल तर तेही, पारा कसा वाचायचा ते सगळ्यांनाच बघता येईल.

जयभीम! नमो बुद्धाय!